घरी बनवलेल्या गिटारच्या बॉडीला ट्रू-ऑइल: भारी आहे, पण सँडिंगची सगळी पोल खोलतं

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसांची सुटका. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घरी कापलीय, स्प्रेगन-कंप्रेसर असलं काही नाही, रंगकामाला वेगळी खोली नाही आणि लाकूड दिसायला बऱ्यापैकी आहे, अशी परिस्थिती असेल तर बर्चवुड केसीचं ट्रू-ऑइल घ्या, फार विचार करू नका. आणि बॉडी पांढरीफेक किंवा भडक लाल करायचीय, किंवा कारखान्यातून आलेल्या गिटारवर असतो तसला जाड चकचकीत थर हवाय, तर इथेच थांबा, हे तेल त्या कामासाठी बनलेलंच नाही त्यामुळे त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आता हे आहे काय, तर मुळात बंदुकीच्या लाकडी दस्त्याला लावायचं तेल, बाटलीवर गन स्टॉक फिनिश असंच लिहिलेलं असतं. ऐकायला विचित्र वाटतं पण दस्ता आणि गिटार यांचं दुखणं एकच आहे बघा, सतत हात लागणार, घाम लागणार, अंगाला घासणार, कुठेतरी आपटणार, आणि एवढं होऊन लाकूड लाकूडच दिसलं पाहिजे नि हाताला चिकट लागता कामा नये. एर्नी बॉल म्युझिक मॅनवाले त्यांच्या बऱ्याच मॉडेलच्या नेकला, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याला, जाड लॅकर न देता गनस्टॉक ऑइल आणि मेणच लावतात, म्हणजे ही काही हौशी लोकांनी शोधलेली पळवाट नाही.

आतमध्ये जवसाचं तेल आणि दुसरी नैसर्गिक तेलं, प्रक्रिया केलेली, आणि पातळ करायला मिनरल स्पिरिट, म्हणजे टर्पेंटाइनसारखं उडून जाणारं द्रावण. हे तेल वाळतं म्हणजे स्पिरिट उडून जातं एवढंच नाही, खरं वाळणं त्यानंतर सुरू होतं, तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना धरून घट्ट होत जातात. कच्चं जवसाचं तेलही हेच करतं पण त्याला आठवडेच्या आठवडे लागतात आणि तोवर बॉडी चिकट. ट्रू-ऑइल ते काम काही तासांत करतं, हवा कोरडी नि उबदार असेल तर, दमट असेल तर एक हात वाळायला अख्खा दिवसही जातो. शिवाय नावात ऑइल असलं तरी वागणं वार्निशचं आहे, पहिले एक-दोन हात लाकडात मुरतात आणि पुढचे सगळे वर थर धरतात. हे माहीत असलं की बाकीच्या अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात, म्हणजे हात पातळच का द्यायचा वगैरे. जाड दिला की वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि त्याच्याखालच्या तेलाला ऑक्सिजन मिळत नाही, मग वर सुरकुत्या आणि आत लगदा.

बरं, आता मुख्य मुद्दा. या तेलाचं परीक्षण लिहायचं म्हणजे खरं तर सँडिंगबद्दलच लिहावं लागतं, कारण हे तेल तुमच्या सँडिंगचंच परीक्षण करतं. ठोस रंगाखाली लांबी भरता येते, प्रायमर मारता येतो, सगळं झाकून जातं. तेलाखाली काहीही झाकलं जात नाही, उलट लाकूड ओलं झाल्यावर जसं गडद होतं तसं ते कायमचं गडद होतं आणि जो चरा कोरड्या लाकडावर दिसतच नव्हता तो बरोबर वर येतो. 80 नंबरच्या सँडपेपरचा आडवा चरा एकदा राहिला की नंतर 320 ने कितीही गुळगुळीत केलं तरी तो खोल राहतोच, कारण बारीक कागद चऱ्याच्या कडा गुळगुळीत करतो, तळापर्यंत पोचत नाही. म्हणून 80, 120, 150, 180, 220 असं एकेक पायरीने जायचं, उड्या मारायच्या नाहीत, आणि प्रत्येक कागदाने मागच्या कागदाचे सगळे चरे जाईपर्यंत घासायचं. सपाट भागावर कागद नेहमी ठोकळ्याला गुंडाळून, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाली खळगे पडतात, आणि तेलाची चमक चढली की लाईट तिरका पडल्यावर ते खळगे लाटांसारखे दिसायला लागतात.

सगळ्यात वाईट जागा कुठली विचाराल तर दोन्ही शिंगांच्या आतल्या बाजूचा वळणदार भाग, म्हणजे कटअवे. तिथे लाकडाच्या रेषा बाजूने न जाता थेट तोंडाशी येतात, एंड ग्रेन म्हणतात ती, आणि राउटरचं, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राचं, पातं नेमकं तिथेच थांबत थांबत फिरल्याने लाकूड करपलेलं असतं. हा करपट तपकिरी डाग वरवरचा दिसतो पण असतो बऱ्यापैकी खोल. तिथे ठोकळा बसत नाही म्हणून एखाद्या गोल दांडीला कागद गुंडाळून घासायचं, आणि घासायचं म्हणजे वैताग येईपर्यंत. एंड ग्रेन म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं, ती तेल पीत राहतात आणि बाकीच्या बॉडीपेक्षा दोन छटा काळी पडतात. यावर दोन उपाय आहेत, एक तर तिथे बाकीच्यापेक्षा एक-दोन नंबर बारीक कागदापर्यंत जायचं, 400 पर्यंत वगैरे, म्हणजे तोंडं जरा बंद होतात आणि तेल कमी पितात, किंवा आधी पातळ शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात त्या भागावर द्यायचा. मला पहिला उपाय आवडतो कारण त्यात अजून एक बाटली उघडावी लागत नाही.

तेल लावण्याआधी एक परीक्षा जरूर करा. अख्खी बॉडी मिनरल स्पिरिटने किंवा नॅफ्थाने पुसून घ्या आणि ओली असतानाच खिडकीपाशी तिरकी धरून बघा. तेल लागल्यावर जे दिसणार आहे ते आधीच साधारण मिनिटभरासाठी दिसतं, चरे दिसतात, आणि मुख्य म्हणजे ग्लूचे डाग दिसतात. दोन-तीन फळ्या जोडून बॉडी केली असेल किंवा वर मेपलचा टॉप चिकटवला असेल तर जोडाच्या आसपास ग्लू बाहेर आलेला असतोच, पुसला तरी पातळ थर लाकडात मुरलेला असतो, आणि त्या जागी तेल शिरत नाही, फिकट डाग राहतो. स्पिरिट उडून गेलं की लाकूड पुन्हा जसंच्या तसं. तिथे पेन्सिलने खूण करा आणि परत कागद घ्या. पाण्याने पुसून बघणारेही आहेत, पण पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. ते एकदा मुद्दाम करायचंच असतं, 220 नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं आणि उभे राहिलेले केस त्याच 220 किंवा 320 ने हलक्या हाताने उडवायचे, पण ती वेगळी पायरी झाली.

पोचे आलेत? बॉडी टेबलावरून आपटली, स्क्रूड्रायव्हर पडला, काहीही. पोचा म्हणजे लाकूड दबलंय, गेलेलं नाही. त्याच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक किंवा सोल्डरिंग आयर्न टेकवा, वाफेने तंतू फुगतात आणि पोचा बराचसा वर येतो. तंतू तुटले असतील तर मात्र येत नाही. आणि हे सगळं तेलाच्या आधी, नंतर वाफ आत जायला जागा नाही.

लाकडानुसार अनुभव फार बदलतो. मेपलवर, त्यातही फ्लेम (आडवे पट्टे) किंवा क्विल्ट (गोधडीसारखी नक्षी) असलेल्या मेपलवर, हे तेल कमाल दिसतं, गिटार हलवली की पट्टे हलतात, उजेड आतून आल्यासारखा वाटतो, हा परिणाम जाड प्लास्टिकी थराखाली जरा मेल्यासारखा होतो असं माझं मत. ऑल्डरवर शांत, एकसारखं, काही गोंधळ नाही. बासवुडवर मजा नाही, लाकडात मुळात रेषाच कमी, तेल कुठे जास्त कुठे कमी प्यायलं की चट्टे दिसतात, आणि लाकूड इतकं मऊ की नखाने दबतं, तेलाचा पातळ थर त्याला काय वाचवणार. बासवुडची बॉडी असेल तर रंगच द्या राव. सागवान किंवा रोझवुडसारखी मुळात तेलकट लाकडं असतील तर त्यांचं स्वतःचं तेल ट्रू-ऑइलला नीट वाळू देत नाही, आधी अ‍ॅसिटोनने पुसून लगेच काम सुरू करायचं किंवा मेण काढलेल्या शेलॅकचा हात मध्ये घालायचा.

महोगनी आणि अ‍ॅश ही मात्र वेगळी डोकेदुखी, कारण त्यांची छिद्रं उघडी असतात. त्यावर कितीही हात दिले तरी जवळून बघितलं की बारीक बारीक खाचा दिसतात, काहींना हेच आवडतं, मलाही अ‍ॅशवर आवडतं, हाताला लाकूड लागतंय हे कळतं. सपाट पृष्ठभाग हवा असेल तर छिद्रं भरायला लागतात. तयार ग्रेन फिलर मिळतो तो वापरता येईल, पण ट्रू-ऑइल असेल तर फिलरची गरजच नाही असं मी म्हणेन, बॉडीवर तेल टाकायचं आणि ते ओलं असतानाच 320 किंवा 400 च्या वॉटरपेपरने घासायचं, लाकडाचा भुसा आणि तेल मिळून चिखल तयार होतो, तो रेषांना आडवा पुसत छिद्रांत दाबायचा, वरचा जादाचा काढून टाकायचा आणि नीट वाळू द्यायचं, मग पुन्हा तेच, अ‍ॅश असेल तर बरेचदा. फायदा असा की भरलेला माल त्याच लाकडाचा असल्याने रंग जुळतो. तोटा असा की हात पार काळेमिट्ट होतात आणि वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो.

रंगाचं थोडक्यात. तेलाची स्वतःची छटा मधाळ पिवळसर आहे, मेपल उबदार दिसतो, पण निळा डाय केलेल्या लाकडावर तीच छटा निळ्याला हिरव्याकडे ओढते हे लक्षात ठेवा. तेलाखाली डाय वापरायचा तर पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळणारा, पिगमेंटवाला स्टेन लाकूड झाकतो. फ्लेम मेपलवर आधी काळा डाय फासायचा, वाळल्यावर बहुतेक सगळा घासून काढायचा, पट्ट्यांमध्ये मुरलेला काळा तेवढा राहतो, मग त्यावर हवा तो रंग. आणि डायवर पहिला तेलाचा हात देताना रगडायचं नाही, फडक्याला रंग येतोच, तो कमीत कमी यावा. आणि हो, जिथे बॉडी कापून उरलेला तुकडा पडलाय तो टाकून देऊ नका, सगळे प्रयोग त्याच्यावर, तोच लाकडाचा तुकडा, त्याच नंबरपर्यंत घासलेला.

आता लावायचं कसं. मोठमोठे ब्रश, रोलर काही नको. जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा, किंवा सरळ बोटं, नायट्राइलचा ग्लोव्ह घालून. आणि तेल किती, तर थेंबांत मोजायचं. बोटावर दोन-तीन थेंब, तेवढ्यात तळहाताएवढी जागा, गोल गोल चोळायचं, चोळताना उबेने तेल पसरतं, आणि मग शेवटी रेषांच्या दिशेने एकेक लांब हलका हात. दोन-तीन मिनिटांत तेल ओढायला लागतं, बोट अडकल्यासारखं वाटायला लागतं, त्या क्षणी त्या जागेवरून हात काढून घ्यायचा आणि कितीही मोह झाला तरी परत जायचं नाही, राहिलेली जागा पुढच्या हाताला. परत गेलात की चिकट रेघोट्या उठतात आणि मग वाळवून घासण्याशिवाय इलाज नाही. पहिला हात मिनरल स्पिरिट घालून जरा पातळ केला तर लाकडात खोल जातो, हे करण्यासारखं आहे.

असे किती हात, तर मॅटकडे झुकणारं, लाकडाजवळचं फिनिश हवं असेल तर चार-पाच पुरतात, चमक हवी असेल तर दहा-पंधरा, आणि छिद्रं भरून अगदी सपाट हवं असेल तर त्याहून जास्त. ऐकायला भयंकर वाटतं पण एक हात म्हणजे दहा मिनिटांचं काम, सकाळी एक संध्याकाळी एक दिलं तरी चालतं, आणि स्प्रेसारखं मास्क चढवून, प्लास्टिक अंथरून, सगळ्या घराला वेठीला धरून काही करायला लागत नाही. वास येतो, पण खिडकी उघडी ठेवली की भागतं. दर दोन-तीन हातांनंतर धुळीचे बारीक दाणे काढायचे, त्याला खाकी कागदाचा बोळा उत्तम, खरंच, साधा खाकी कागद, तो दाणे उडवतो आणि थर कापत नाही. जास्त खडबडीत झालं असेल तर 600 किंवा 800 चा कागद, पण कडांवर फार सांभाळून, कडेवरचा थर सगळ्यात पातळ असतो आणि एका फटक्यात लाकूड उघडं पडतं.

इथे एक बारकावा सांगतो जो बंदूकवाल्यांच्या सूचनांत नसणार. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की दोन हातांमध्ये 0000 नंबरची स्टील वूल फिरवा. फिनिशसाठी चांगलीच आहे ती, पण गिटारसाठी नको. तिचे केसापेक्षा बारीक लोखंडी तुकडे सगळीकडे उडतात, आणि इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या भागात, लोहचुंबक असतं, ते तुकडे तिथे जाऊन चिकटले की काढता काढता नाकी नऊ येतात, आत कॉइलपर्यंत गेले तर आवाजाचंही वाटोळं. बॉडी उघडी असताना वापरली तरी ते तुकडे पिकअपच्या खड्ड्यांत, वायरच्या भोकांत, महोगनीच्या छिद्रांत दडून बसतात. त्याऐवजी राखाडी रंगाचं कृत्रिम घासणीचं पॅड घ्या, तेवढंच काम करतं.

बॉडी धरायची कशी हाही प्रश्न येतो कारण सगळीकडे ओली असते. नेक बसवायच्या खाचेत, नेक पॉकेटमध्ये, एक लांब लाकडी पट्टी नेकच्याच स्क्रूच्या भोकांतून घट्ट आवळा, झाली मूठ तयार, टोकाला भोक पाडून वाळताना टांगताही येते. पट्टी पॉकेटपेक्षा थोडी अरुंद हवी म्हणजे भिंतींना चिकटणार नाही. पॉकेटच्या आत तेल लावायचंच नाही, तिथे नेक लाकडाला लाकूड घट्ट बसला पाहिजे आणि जाड थर साचला तर मापात बसवलेला नेक आत जाईना होतो. तसंच ब्रिजच्या खुंट्यांची, ट्यूनरची, पॉटची (आवाज कमी-जास्त करायच्या फिरकीची), स्ट्रॅपच्या बटणाची सगळी भोकं फिनिशच्या आधी पाडून घ्या. भोकांच्या तोंडाला काउंटरसिंकने किंचित उतरती कड काढून ठेवा, नाहीतर धातूचा बुशिंग ठोकताना तोंडाशी साचलेल्या फिनिशची खपली उडते, आणि ती उडते ती नेमकी ब्रिजच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी. ट्रू-ऑइलचा थर पातळ असल्याने हे प्रमाण कमी, लॅकर किंवा पॉलियुरेथेनच्या (पॉलिच्या) जाड थरात जास्त, पण सवय चांगली. इलेक्ट्रॉनिक्सच्या खड्ड्यांत ग्राफाइटचा कंडक्टिव्ह पेंट मारणार असाल तर तिथे तेल जाऊ देऊ नका, बस्स.

आता गंभीर गोष्ट, ही वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाहीत, कधीच नाही. वर सांगितलं ना की तेल ऑक्सिजन ओढून घट्ट होतं, त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. पसरलेल्या फडक्यातून ती हवेत जाते, बोळ्यात ती कोंडते, कोंडली की क्रिया अजून वेगाने होते, आणि काही तासांनी कुणीही काडी न लावता फडकं पेट घेतं. ही काही अफवा नाही, जवसाच्या तेलाच्या चिंध्यांनी खरोखर आगी लागतात. फडकी बाहेर एकेक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. तेलाने भिजलेला कागद, चिखल पुसलेल्या चिंध्या, सगळ्याला हाच नियम. सँडिंगला मास्क हवाच, लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसात जाऊन चांगलं काही करत नाही.

दुसऱ्या पर्यायांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण पूर्ण होणार नाही. नायट्रोसेल्युलोज लॅकरचं वेड सगळ्यांना असतं कारण जुन्या फेंडर आणि गिब्सनवर तेच होतं, फेंडरने तर 50-60 च्या दशकात ड्युपाँटचे मोटारींना मारायचे रंग गिटारवर मारले, त्यातले ड्यूको नायट्रोचे आणि ल्यूसाइट अ‍ॅक्रिलिकचे, आणि गिब्सन अजूनही नायट्रो वापरते. नायट्रोचा मोठा गुण असा की नवीन थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, मग दुरुस्तीचा जोड दिसत नाही. पण ते सहसा स्प्रेनेच मारावं लागतं, सॉल्व्हंट नाकात जातं म्हणून ऑरगॅनिक व्हेपरचा रेस्पिरेटर पाहिजे, साधा धुळीचा मास्क शून्य कामाचा, ज्वलनशील आहे, दमट हवेत मारलं की थर दुधी पडतो, आणि पॉलिश करण्याइतकं आवळायला आठवडे लागतात. मी एका कंपनीचा स्प्रे कॅन वापरून बघितलाय, नाव घेत नाही, त्याचं तोंड मध्येच थुंकायला लागलं आणि बॉडीच्या मधोमध थेंबांची रांग, मग ते सगळं घासून परत. नायट्रो स्टँडच्या रबरावरही चिडतं, काही स्टँडच्या फोमने थर मऊ होऊन ठसे उमटतात.

दोन भाग मिसळून मारायचं टूके पॉलियुरेथेन सगळ्यात टणक, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते घरात स्प्रे करायची वस्तूच नाही, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. पुसून लावायचं पॉलियुरेथेन हे ट्रू-ऑइलचं खरं प्रतिस्पर्धी, लावायची पद्धत जवळपास तीच, थर जास्त टणक, पट्ट्याच्या बकलला सहज दाद न देणारा. पण त्याचे थर एकमेकांत विरघळत नाहीत, मध्येच घासताना एक थर पार झाला की कंगोऱ्यासारखी रेघ उमटते आणि ती शेवटपर्यंत दिसते. ट्रू-ऑइलमध्येही तत्त्वतः हेच आहे, फक्त थर इतके पातळ की नजरेत येत नाही, आणि आलंच तर वरून दोन हात दिले की जातं. शेलॅक, म्हणजे लाखेचं फ्रेंच पॉलिश, दिसायला अप्रतिम, अकूस्टिक गिटारवाले त्याच्यावर जीव टाकतात, पण घाम, उष्णता आणि अल्कोहोल या तिन्हींना ते घाबरतं, स्टेजवर वाजवायच्या इलेक्ट्रिक गिटारला मी नाही लावणार. सीलर म्हणून मात्र उत्तम.

टिकाऊपणाबद्दल सरळ सांगतो. हे फिनिश मऊ आहे. बकलने मागे चरे येतात, पिक सतत आपटतो तिथे थर झिजतो, मनगट टेकतं ती कड हळूहळू मॅट होते. पण दुरुस्ती इतकी सोपी आहे की चिडच येत नाही, ती जागा पॅडने जराशी घासायची, एक-दोन थेंब चोळायचे, वाळलं की पुन्हा, जोड शोधूनही सापडत नाही. पॉलिवर असा चरा आला की एकतर त्याच्यासोबत जगायचं नाहीतर अख्खी बॉडी उतरवायची. ज्याने स्वतःच्या हाताने गिटार केलीय त्याला हा सौदा परवडतो असं मला वाटतं. आणि हाताला लागतं कसं, ते वेगळंच, नेकच्या मागे तर फारच, अंगठा अडकत नाही, घामाने चिकटत नाही.

आवाजाबद्दल भांडायला सगळ्यांनाच आवडतं. तेलाने गिटार श्वास घेते, लाकूड मोकळं वाजतं वगैरे. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकमध्ये आवाज तारा आणि पिकअप ठरवतात, तेलाच्या केसाएवढ्या थराने जो काही फरक पडत असेल तो तुम्ही पॉट एक रेघ फिरवलात की त्यातच बुडून जातो. अकूस्टिकची पातळ थरथरणारी फळी ही वेगळी गोष्ट. तेव्हा आवाजासाठी हे घेऊ नका, दिसण्यासाठी आणि हातासाठी घ्या.

शेवटचा हात दिल्यावर घाई नको. वरून कोरडं लागलं तरी आत घट्ट व्हायला दोन ते चार आठवडे जातात. सोपी परीक्षा म्हणजे नाक जवळ नेऊन वास घ्या, तेलाचा वास येत असेल तर अजून वाळतंय. तोवर केसमध्ये बंद करू नका, रबराच्या स्टँडवर ठेवू नका. पूर्ण वाळल्यावर चमक हवी असेल तर 1500-2000 च्या कागदाने साबणाच्या पाण्यात अगदी हलकं घासून पॉलिश कंपाउंड, मॅट हवं असेल तर पॅड आणि कार्नोबा मेण. मला मॅट आणि चमकच्या मधलं आवडतं, नुसतं मेण लावून सुती फडक्याने घासलेलं.

तो कापलेला अर्धा मार्क बाटलीसाठी. एकदा उघडली की आत हवा शिरते आणि आतलं तेलही वाळायच्या मार्गाला लागतं, आधी वर पापुद्रा, मग मधासारखं घट्ट, मग जेली. हा एका कंपनीचा दोष नाही, हवेत वाळणाऱ्या सगळ्या तेलांचा स्वभावच तो, पण पैसे आपलेच जातात. आलेली बाटली त्याच दिवशी लहान लहान बाटल्यांमध्ये काठोकाठ भरून ठेवायची, एका वेळी एकच उघडायची. बाटली उलटी ठेवायची युक्तीही चालते, पापुद्रा धरलाच तर तो तळाकडे धरतो आणि तोंडाशी पातळ तेल राहतं. रोज झाकण लावण्याआधी आटे पुसायचे नाहीतर झाकण चिकटून बसतं. आणि घट्ट झालेलं तेल स्पिरिट घालून जिवंत करायच्या भानगडीत पडू नका, ते नीट वाळत नाही. एका बॉडीला आणि नेकला मिळून 90 मिलीची छोटी बाटली पुरून उरते, छिद्रं भरायची असली तरी, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याने मोठी अजिबात घेऊ नये.